मुरूम लागला

करंजवाडीच्या चर्चच्या दक्षिण भिंतीला पहिली चीर गेली ती पंचेचाळीस सालच्या पावसाळ्यात. तेव्हा ती केसाएवढी होती. दिवाळीपर्यंत तिच्यात करंगळी जाऊ लागली, आणि नाताळच्या उपासनेला बसलेल्या बायकांच्या पदरांवर वरून चुन्याची भुकटी पडली तेव्हा मात्र पाळकसाहेबांनी तिसगावला माणूस धाडून सत्तार मिस्त्रीला बोलावून घेतलं.

दुसऱ्या कुणाला बोलवायचा प्रश्नच नव्हता. ते चर्च सत्तारच्या वडिलांनी, मोहियोद्दीन मिस्त्रींनी, चाळीस वर्षांपूर्वी बांधलं होतं. काळ्या घडीव दगडाचं, सहा खणांचं लांबट काम. दर खणाला टोकदार कमानीची उंच खिडकी, वर छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या आणि मंगळुरी कौलं, आणि पश्चिमेच्या दाराशेजारी घंटेचा चौकोनी मनोरा. मिशनच्या साहेबानं विलायतेहून आलेला नकाशा पुढं पसरला तेव्हा मोहियोद्दीन मिस्त्री हसून म्हणाले होते, "साहेब, ही कमान तर आमच्या घरची हाय." त्यांच्या बापजाद्यांनी नगरच्या आसपासच्या दर्ग्यांना तसल्याच कमानी घातल्या होत्या. पाथर्डीच्या बाजाराला जाणारी माणसं करंजवाडीपाशी बैल सोडत आणि मुद्दाम आत जाऊन मान वर करून बघत. चुना असा घोटलेला होता की भिंतीत सुरीचं पातं शिरत नव्हतं.

सत्तारनं ओळंबा धरला. भिंत दोन बोटं बाहेर झुकली होती. त्यानं चिरेवर तीन ठिकाणी ताज्या चुन्याच्या पट्ट्या ओढल्या आणि म्हणाला, "आठ दिसांनी येतो. पट्टी फुटली तर भिंत अजून चालती हाय, न्हाई फुटली तर बसली."

आठ दिवसांनी तिन्ही पट्ट्या फुटल्या होत्या. सत्तारला ते आधीच माहीत होतं. भिंतीच्या पायाखाली काय आहे हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातला एक तो स्वतः होता.

गोष्ट एकोणीसशे सहा सालची. सत्तार तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि बानूशी त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. वडील कोल्हारला दुसऱ्या चर्चच्या कामावर होते. करंजवाडीचा पाया खणून घ्यायचं काम त्यांनी पहिल्यांदाच एकट्या पोरावर सोपवलं होतं. जमीन काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, तिच्यावर भिंत ठरत नाही. खाली कठीण मुरूम लागेपर्यंत जावंच लागतं. उत्तरेच्या बाजूला सात हातांवर मुरूम लागला. दक्षिणेला बारा हात गेले तरी काळी मातीच वर येत होती. तेराव्या हाताला चराची कड ढासळली आणि पुंजाराम नावाचा खणणारा गळ्यापर्यंत गाडला गेला. सत्तारनं आणि गड्यांनी हातांनी माती उकरून त्याला बाहेर ओढलं. त्याच्या तोंडातून रक्त येत होतं. दुसऱ्या दिवशी एकही माणूस चरात उतरायला तयार होईना.

त्यातच कोल्हारहून एका गाडीवानाबरोबर वडिलांचा निरोप आला: पाया तयार ठेव, आठवड्यात येतो.

सत्तारनं डोंगराच्या कडेचा तीन गाड्या मुरूम आणवला, गाडीवान गेल्यावर दिवस मावळता मावळता एकट्यानं चरात ओतला, वीतभर जाडीचा थर पसरून धुमसानं ठोकला. पुंजाराम, छातीला फडकं बांधलेला, वर बसून होता. त्यानं सगळं बघितलं आणि काही बोलला नाही. त्याला पुन्हा त्या चरात उतरायचं नव्हतं एवढंच त्याला कळत होतं.

वडील आले ते गाडीत आडवे होऊन. पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. कोल्हारला घसरून पडलो, म्हणाले. चराच्या काठाशी त्यांना धरून बसवलं. त्यांनी खाली वाकून बराच वेळ बघितलं.

"मुरूम लागला?"

"लागला, अब्बा."

"पहार मारून बघितलीस?"

"बघितली."

"मी उतरलो असतो. पण हा पाय..." ते म्हणाले, आणि मग हात हलवून म्हणाले, "भरा."

वडील एकवीस साली वारले. शेवटच्या आजारात सत्तार पंधरा दिवस त्यांच्या उशाशी होता. सांगायचं, सांगायचं म्हणता म्हणता राहून गेलं. पुढंपुढं चर्च नीट उभं आहे हे बघून त्याला वाटायला लागलं होतं, की कदाचित जमिनीनं त्याला माफ केलं असेल.

शेहेचाळीसच्या माघात मिशननं शहरातून एक इंजिनिअर पाठवला. त्यानं भिंतीला लागून खड्डा घ्यायला लावला, पार पायाच्या बुडापर्यंत. वीतभर मुरूम आणि त्याच्याखाली काळी माती. इंजिनिअरनं मुरमाचं ढेकूळ बोटांत चुरडलं, हात झटकले आणि टोपी घालून निघून गेला. पंधरा दिवसांनी त्याचा कागद आला. पाळकसाहेबांनी, म्हणजे रेव्हरंड काकासाहेब साळवे यांनी, तो पंचांसमोर मराठीत वाचून दाखवला. मूळ गवंडी मोहियोद्दीन मिस्त्री यानं मुरमाचा खोटा थर पसरून मिशनला फसवलं आहे, इमारत धोक्याची आहे, पावसाळ्याआधी उतरवून घ्यावी, दगड शाळेच्या कामाला वापरावेत.

थोरले पंच आबासाहेबांनी कागद पालथा करून ठेवला. मग म्हणाले, "आमी त्या म्हाताऱ्याला देवमानूस समजत हुतो. आमची लग्नं, आमच्या पोरांचे बाप्तिस्मे, आमची मढी, समदं त्याच्या हातच्या छपराखाली केलं. आन् त्यानं खाली हे केलं हुतं."

सत्तार दारापाशी उभा होता. पुंजाराम भिंतीला टेकून बसला होता; आता तो साठी ओलांडलेला, पांढऱ्या मिशांचा, चर्चची घंटा वाजवणारा. त्यानं सत्तारकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. सत्तार वळून बाहेर पडला. तो तिसगावला चालत आला आणि वाटेत त्याला कुणी राम राम घातला की नाही हेही त्याला आठवलं नाही.

बातमी बाजाराच्या दिवशी घरी पोचली. आई, मुबारकबी, ऐंशीच्या घरातली, डोळ्यांनी अधू पण कानांनी तिखट. भाजी घेताना तिला कुणीतरी सांगितलं. ती काठी टेकत घरी आली आणि ओट्यावर बसलीच नाही.

"गाडी जुंपायला सांग. मला करंजवाडीला ने."

"कशाला, अम्मा?"

"त्या लोकांच्या तोंडावर विचारते. तुझ्या अब्बांनी आयुष्यात एक दगड खोटा बसवला का, विचारते."

"जाऊ दे, अम्मा."

"जाऊ दे?" ती म्हणाली. "ते आता बोलू शकत नाहीत म्हणून जाऊ दे?"

बानूनं तिला हाताला धरून आत नेलं. सत्तार अंगणात उभा राहिला. त्याच क्षणी बोलला असता तर बोलून गेला असता. पण त्यानं आईची अंगणात राहिलेली काठी उचलून भिंतीला टेकवली.

दुसऱ्या दिवशी तो पाळकसाहेबांकडे गेला आणि महिनाभराची मुदत मागितली. "अब्बांनी दोन चर्चं आनखी बांधलीत, मिरजगावला आन् कोल्हारला. ती बघून येतो. त्यांनी तिथं काय केलंय ते बघतो आन् मग सांगतो, ही भिंत वाचंल का न्हाई."

पाळकसाहेब भले गृहस्थ. म्हणाले, "जा. ईस्टरपर्यंत मी कुणाला कुदळ लावू देत नाही."

सत्तारनं सांगितलं ते खोटं नव्हतं, पण ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं त्यानं स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. त्याला वडिलांच्या कामात एक चूक हवी होती. कुठंतरी एखादी भिंत ओळंब्याबाहेर गेलेली, एखादी कमान उतरलेली. वडिलांचीही जमीन कधी फसली असेल, तर त्याचं खोटं थोडं हलकं झालं असतं.

दोन दिवस चालून तो मिरजगावला पोचला. चर्च गावाबाहेर टेकाडावर, करंजवाडीपेक्षा लहान, चार खणांचं. आत रतनबाई नावाची बाई कंदिलाच्या काचा पुसत होती. सरकारी माणूस समजून ती उठून उभी राहिली. त्यानं वडिलांचं नाव सांगितल्यावर तिनं त्याला पाणी दिलं आणि सगळीकडे फिरू दिलं.

त्यानं चारही कोपऱ्यांवर ओळंबा सोडला. दोरी दगडाला घासून सरळ उतरली. खिडकीच्या कमानीवर चढून त्यानं माथ्यावरच्या कळीच्या दगडाभोवती नख फिरवलं. सांधा कुठं उघडा नव्हता. उंबऱ्याचा दगड लोकांच्या पावलांनी मध्ये झिजला होता, पण हलला नव्हता. दर तिसऱ्या थरात एक लांब दगड भिंतीच्या आरपार घातलेला, दोन्ही तोंडं एकमेकांना बांधून ठेवणारा. शेवटी रतनबाईची परवानगी घेऊन त्यानं कोपऱ्यात हातभर रुंदीचा खड्डा घेतला. पाया पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत खाली गेला होता आणि चौथ्या हाताला, भिंतीच्या बाहेरपर्यंत पसरलेला, ओतलेला नव्हे, जमिनीचा अस्सल मुरूम होता. पहार मारली तर हाताला झिणझिण्या आल्या.

"काय शोधताय येवढं, मिस्त्री?" रतनबाईनं विचारलं.

"चूक."

"घावली?"

"न्हाई," सत्तार म्हणाला, आणि आपल्याला त्याचं वाईट वाटतंय हे ध्यानात येऊन त्याला स्वतःची शिसारी आली. बापाच्या कामाला तडा नाही म्हणून दुःखी होणारा मुलगा! त्यानं खड्डा बुजवला, माती पायानं दाबली आणि रतनबाईकडे न बघता निघाला.

मिरजगावहून नगरपर्यंत कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार होती. चढ आला की उतारूंना खाली उतरून ढकलावं लागे. नगरहून दुसऱ्या मोटारीनं तो कोल्हारला उतरला तेव्हा दुपार कलली होती. हे काम चालू असताना तो करंजवाडीत अडकला होता, ते त्यानं कधी बघितलं नव्हतं. इथं मात्र त्याला आशा होती. कोल्हारची जमीन प्रवरेची, काळीभोर आणि खोल. करंजवाडीसारखीच, किंबहुना वाईट. चूक असेल तर इथंच असणार.

चर्च नदीपासून थोडं वर होतं. तिन्हींत मोठं. आत दगडी खांबांच्या दोन रांगा, खांबाखांबावरून उडी घेत गेलेल्या कमानी, वेदीमागची भिंत अर्धगोल, आणि वर गोल खिडकीत लाल-निळ्या काचा. त्या काचांचा रंग फरशीवर पडला होता. सत्तार फरशीवर पालथा झाला आणि गाल टेकवून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघू लागला. फरशी कुठं खचली असती तर उजेडात दिसली असती. पाण्यासारखी सपाट होती. बाहेरच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर जुन्या पुराची पुसट रेघ होती. पूर येऊन टेकून गेला होता आणि त्या रेघेच्या वर-खाली केसाएवढी चीर नव्हती.

"नमाज पडताय व्हय इथं?" मागून आवाज आला. झाडू घेतलेली एक म्हातारी उभी होती. आक्काबाई तिचं नाव. नव्यानं लग्न होऊन आलेली असताना तिनं याच कामावर पाट्या वाहिल्या होत्या. सत्तार कोण हे कळल्यावर तिनं झाडू टाकला आणि मोकळ्या हातानं त्याच्या दंडाला धरून बाकावर बसवलं.

"मोयद्दीन मिस्त्रीचा पोरगा तू? मग तुला इहिरींचं ठावं असंल."

"कसल्या विहिरी?"

"अरं, हर खांबाखाली इहीर हाय! मुरूम लागंना तवा मिस्त्रीनं समदा चर खनायचा सोडून दिला. म्हनलं, येवढा खोल चर धसनार, मानसं मरतील. मग एकेका खांबापुरती गोल इहीर उतरवली, दगडाचं कडं लावत लावत. कड पडायचं भ्याव न्हाई. मुरूम लागला की इहीर दगड-चुन्यानं भरून टाकायची. आन् दोन इहिरींच्या मधी जमिनीखालीच कमान. आख्खं देऊळ त्या कमानींवर उभं हाय. वर दिसतात त्येवढ्याच खाली हायती."

सत्तारनं विचारलं, "किती खोल?"

"सोळा-सतरा हात. मिस्त्री सवता उतरायचा, कमरंला दोर बांधून. शेवटच्या इहिरीत वरनं दगुड सुटला आन् पाय मोडला त्याचा. वर काढला तर वरडत हुता. आमी म्हनलं, पायासाठी वरडतोय. तो म्हनत हुता, आदी मुरूम दावा मला, मग पाय बांधा. पाटीत घालून ढेकूळ आनलं, त्यानं दातानं फोडून बघितलं. मग पडला निपचीत."

एवढं सांगून ती त्याच्याकडे बघत राहिली, कारण त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

सत्तारला आता सगळं समोर दिसत होतं. तो मोडका पाय घेऊन वडील करंजवाडीच्या चराशी बसले होते तेव्हा काळ्या मातीचा इलाज त्यांच्याजवळ तयार होता. नुकताच करून आले होते. पोरानं "लागला नाही" एवढं म्हटलं असतं, तर ते म्हणाले असते, चर बुजव, विहिरी घे. रागावलेसुद्धा नसते. माणूस गाडला गेल्याचं ऐकून उलट पोराच्या पाठीवरून हात फिरवला असता. एक शब्द. त्या एका शब्दापायी आज त्यांचं नाव कागदावर फसवा म्हणून लिहिलं गेलं होतं.

तो बाहेर पडला आणि सडकेवर येऊन उभा राहिला. मनमाडकडे जाणारी मोटार येताना दिसली. मनमाडहून रेल्वे होती, रेल्वेनं कुठंही जाता आलं असतं. साठीला टेकलेला माणूस कुठंतरी जाऊन मेला तर कोण विचारणार? भिंत पडो, दगड शाळेला जावोत, आई आणखी किती वर्षं जगणार होती? मोटार त्याच्यापुढं थांबली. कंडक्टरनं दारातून वाकून विचारलं, "कुठं?"

सत्तारला गावाचं नाव सांगता येईना. कंडक्टरनं दोनदा विचारलं, मग शिवी हासडून दार आपटलं. मोटार धुरळा उडवत गेली.  मग सत्तार सडक ओलांडून, नगरकडे जाणाऱ्या मोटारीसाठी पलीकडच्या बाजूला जाऊन बसला.

घरी आला तेव्हा आई सुपात रेशनची ज्वारी घेऊन चाचपत खडे वेचत होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून टाकलं. तिची बोटं ज्वारीत थांबली.

"मुरूम कुठला आणलास?" तिनं विचारलं.

"डोंगराच्या कडेचा."

"किती गाड्या?"

"तीन."

"त्या दिवशी मी तुला जास्तीच्या भाकरी बांधून दिल्या होत्या," ती म्हणाली. "गाडीवानांना लागतील म्हणून तू मागितल्या होत्यास."

एवढंच बोलली. सूप बाजूला ठेवून भिंतीकडे तोंड करून पडली. त्या दिवसापासून तिनं सत्तारच्या हातचं पाणी घेतलं नाही. बानूनं दिलं तर घ्यायची.

पाळकसाहेबांना त्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं आणि रविवारी मंडळीपुढं बोलू द्या म्हणाला. उपासना संपल्यावर साळवे पाळकांनी लोकांना बसून राहायला सांगितलं. सत्तार वहाणा बाहेर काढून आत आला आणि वेदीच्या पायऱ्यांच्या अलीकडे उभा राहिला. डाव्या हाताला ती चीर होती, तिच्यातून आता उन्हाची रेघ आत येत होती.

"अब्बांनी तुमाला फसवलं न्हाई," तो म्हणाला. "मी फसवलं. त्यांनाबी आन् तुमालाबी."

मग त्यानं चराचं सांगितलं. पुंजाराम गाडला गेल्याचं सांगितलं, पण तो सगळं बघत होता हे गाळलं. तेव्हा मागच्या बाकावरून पुंजाराम उठला. "मी वर बसलो हुतो," तो म्हणाला. "मला ठावं हुतं. चाळीस वरसं ह्या भिंतीखाली घंटा वाजवली, कवा बोललो न्हाई. मलाबी धरा."

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर सत्तारला बरं वाटलं असतं. एक बाई पोराला उचलून दक्षिणेच्या भिंतीपासून उठली आणि पलीकडे जाऊन बसली. मग दुसरी. बघता बघता अर्धं चर्च मोकळं झालं. आबासाहेब म्हणाले, "आमच्या पोरांच्या डोक्यावर चाळीस वरसं तू हे टांगून ठिवलंस, मिस्त्री. आता माफी मागून काय हुतं?"

"माफी न्हाई मागत," सत्तार म्हणाला. "पावसापतूर मुदत मागतो. खिडक्यांच्या मधले पाच खांब आन् दोन टोकं, समद्यांच्या खाली इहिरी उतरवतो. भिंत न उतरवता. मानसं द्या, मजुरी नको मला."

आबासाहेबांनी नकार दिला असता, पण पाळकसाहेब म्हणाले, "उतरवायचंच आहे ना? मग पावसाआधी उतरवू. तोपर्यंत त्यांना खणू द्या."

ईस्टरनंतर काम सुरू झालं. बाहेरून बाभळीचे जाड टेकू लावले, छपराचं ओझं कमी व्हावं म्हणून त्या बाजूची कौलं उतरवून ठेवली. वेदीच्या टोकाकडून एकेक विहीर घेतली. भिंतीच्या बुडाखाली माणूस बसून खणणार, वर काळा दगडी डोंगर. पहिली विहीर सत्तारनं एकट्यानं उतरवली, कारण दुसरं कुणी उतरलं नाही. तेरा हात. चौदा. पंधराव्या हाताला पहार खणखणली. त्यानं ढेकूळ वर धाडलं आणि खालीच बसून राहिला. वर यायला अंगात बळ नव्हतं. दुसऱ्या विहिरीला दोन तरणे गडी आपण होऊन आले. तिसरीला चौघं. बायका चुना मळायची घाणी फिरवू लागल्या. सिमेंट परवान्यावर होतं आणि परवाना मिळत नव्हता, पण अब्बांनी तरी कुठं सिमेंट वापरलं होतं!

सत्तार सकाळी तिसगावहून कोसभर चालत येई आणि मावळतीला परत जाई. अंगावर कातडं आणि हाडं राहिली. रोज ओळंबा धरी. भिंत दोन बोटांवरून अडीच बोटांवर गेली होती. मृग लागेपर्यंत पाच विहिरी भरून त्यांच्यामधल्या कमानी बसल्या. सहावी उघडी होती. सातवी, मनोऱ्याखालची, बाकी होती. आठ दिवस मिळाले असते तर झालं असतं.

मृगाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला ढग भरून आले आणि अर्ध्या तासात शेतांचं पाणी लोटत चर्चकडे आलं. सत्तार सहाव्या विहिरीत होता. त्यानं गड्यांना वर काढलं आणि स्वतः पाणी उपसत राहिला. काठावर पुंजाराम बसला होता. त्याच्या खांद्यावर वरून चुन्याचा खडा पडला. मग दुसरा.

"मिस्त्री, वर या!"

"अजून एक थर बसवतो. दगड सोड!"

"वर ये म्हनतो ना सत्तार!" पुंजाराम ओरडला आणि त्यानं दोर ओढला. सत्तार काठाला कोपर टेकत असतानाच टेकूचा बुडखा चिखलात सरकला. दोघं शेताकडे धावले. पहिल्यांदा मनोरा हलला, एखाद्या माणसानं मागं वळून बघावं तसा, आणि मग पश्चिमेचे दोन खण घेऊन खाली आला. घंटा दगडांवर आपटून एकदाच वाजली, आणि तिच्या आवाजात चीर होती.

पाऊस थांबल्यावर लोक जमले. कुणी दगावलं नव्हतं. सत्तार चिखलात गुडघ्यांवर बसून ढिगाऱ्याकडे बघत होता. आबासाहेब त्याच्याजवळून पुढं गेले, उरलेल्या भिंतीपाशी उभे राहिले आणि तळहातानं तिला दाबून बघितलं. पाच विहिरींवरचे चार खण जागच्या जागी उभे होते. परत येताना ते सत्तारपाशी थांबले आणि मग घराकडे गेले.

त्याच पावसाळ्यात सत्तार पाळकसाहेबांना घेऊन शहरात मिशनच्या कचेरीत गेला. कागदावरचं वडिलांचं नाव खोडून आपलं घालावं, एवढीच त्याची विनंती होती. कारकुनानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, इमारत पडली, प्रकरण निकालात निघालं, निकालात निघालेल्या कागदाला आता हात लावता येत नाही. इंजिनिअरची तोवर बदली झाली होती. पाळकसाहेबांनी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. तो कागद आहे तसाच राहिला.

मुबारकबी श्रावणात गेली. शेवटच्या दिवशी तिनं पाणी मागितलं. बानू विहिरीवर होती. सत्तारनं वाटी तोंडाला लावली, तिनं वाटीवर हात ठेवला, वाटी धरणारा हात चाचपला, आणि तोंड मिटून घेतलं. बानू येईपर्यंत तो वाटी धरून बसला होता. बानू आली तोवर आईला पाण्याची गरज उरली नव्हती.

पुढच्या दोन उन्हाळ्यांत सत्तारनं पडलेल्या दगडांतून पश्चिमेची भिंत चार खणांवरच बंद करून दिली. मनोरा झाला नाही. चर्च आखूड आणि बसकं दिसू लागलं, वाटसरू पूर्वीसारखे थांबेनासे झाले. मंडळी पुन्हा आत बसू लागली. दक्षिण भिंतीला लागून मात्र वर्षभर कुणी बसलं नाही. मग एका रविवारी पुंजाराम बसला, आणि हळूहळू बाकीचे.

एकोणपन्नास साली तिसगावच्या एका व्यापाऱ्यानं सत्तारला दुकानाचा पाया घ्यायला बोलावलं. सत्तार, बासष्ट वर्षांचा, दोर बांधून स्वतः खड्ड्यात उतरला. आठव्या हाताला त्यानं पहार मारली, मातीचा वास घेतला, आणि वर तोंड करून सांगितलं, अजून मुरूम नाही. दहाव्यालाही तेच सांगितलं. बाराव्याला व्यापारी वैतागला. दुकान आहे, किल्ला नाही, म्हणाला, आणि पाथर्डीहून दुसरा गवंडी आणला. त्यानं दोन दिवसांत पाया भरला.

सत्तारनं आपली पहार आणि ओळंबा उचलला आणि घरी आला. त्या वर्षी त्याला दुसरं काम मिळालं नाही.